किशनरावांच्या मोटारीतला भार

झरीहून परभणीला जाणारी सडक सरकारने एकाच वाहनासाठी बांधली असावी. मधोमध खडी-मुरुमाचा एक पट्टा आणि दोन्ही अंगांना काळी माती. समोरून दुसरं कुणी येईल, हा विचार बांधणाऱ्या साहेबाच्या मनाला शिवलाच नसेल. कोरड्या दिवसांत काही बिघडत नाही. पाऊस झाला की मात्र पट्टा सोडून जो खाली उतरला तो चिखलात रुतला, आणि त्याला वर काढायला बैलांच्या दोन जोड्या लागल्या.

म्हणून गाडीवानांनी आपला एक कायदा केला होता. भरलेली गाडी वर राहील, रिकामी खाली उतरेल. त्यावर ना दस्तखत, ना शिक्का, पण हैदराबादच्या फर्मानांपेक्षा तो जास्त पाळला जायचा. मीही पाळायचो. लॉरी हातात येण्याआधी आठ वर्षं मी बैलगाडीच हाकली होती.

त्या दिवशी दोन दिवसांचा अवकाळी पाऊस नुकताच उघडला होता. लॉरी चन्नप्पा शेटची, आत कापसाच्या पंधरा गाठी, शेजारी मुंजाजी क्लीनर. दुपारी दोनच्या रेल्वेने माझी धाकटी बहीण दैवशाला परभणीवरून जाणार होती. तिचं सासर सिकंदराबादेत. सहा वर्षांत तिला एकदाही माहेरी पाठवलं नव्हतं. दिराच्या लग्नासाठी जालन्याला आली होती, आता परत निघालेली. परभणीत गाडी दहा मिनिटं थांबते, तेवढीच आमची भेट. आईने हुरडा भाजून फडक्यात बांधून दिला होता. बाराचा सुमार होता आणि परभणी दीड कोसावर होती, म्हणजे फलाटावर तासभर विड्या ओढत बसायला सवड होती.

तेवढ्यात समोरून किशनरावांची मोटार आली. किशनराव पेडगावचे जमीनदार. दिवाळीत त्यांनी मोटार घेतली आणि तिच्याबरोबर सडकही आपल्याला मिळाली, असा त्यांचा समज झाला होता. झरीच्या व्याह्यांना मोटार दाखवायला ते शेरवानी घालून एकटेच निघाले होते. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या.

“सूर्यभान, लॉरी खाली घे,” किशनराव बसल्या जागेवरून म्हणाले.

“मालक, लॉरी भरलेली हाय. खाली तुमी उतरायचं.”

माझ्या मागे दोनशे पावलांवर विहिरीपाशी टणक जागा होती. लॉरी तिथवर मागे घेतली असती तर दहा मिनिटांत सगळं मिटलं असतं. मुंजाजी म्हणालासुद्धा, “घे की रं मागं. बहीण वाट बघायलीय.” पण मी बरोबर होतो, आणि बरोबर असलेल्या माणसाला मागे जायचा गियर नसतो. मी हँडब्रेक ओढून खाली उतरलो.

मागून लिंबाजी गाडीवान आला. त्याच्या शब्दाला सडकेवर मान होता. त्याने मोटारीच्या खिडकीत डोकं घालून अदबीने विचारलं, “मालक, आत काय हाय?”

“काय हाय म्हंजे? मी हाय!”

“तुमी तर हाव, ते दिसायलंय. माल काय हाय?”

किशनरावांचा चेहरा लाल झाला. जमीनदार माणूस, सोबत दीडशे एकर जमिनीचा रुबाब, आणि मोटार रिकामी ठरली! त्याच वेळी परभणीचा बाजार करून झरीची माणसं पायी परत चालली होती. किशनरावांनी दार उघडून हाक दिली, “या रे, बसा मोटारीत! झरीला सोडतो!”

आयुष्यात ज्यांना त्यांनी ओट्यावरही बसू दिलं नव्हतं, ती माणसं गादीवर बसली. नागुबाई शेळीसकट आत गेली. कुणाचं मिठाचं पोतं चढलं, दोघं पायरीवर उभे राहिले, आणि मोटार पोटाशी पाय घेतल्यागत खाली दबली.

“मोज आता,” किशनराव लिंबाजीला म्हणाले.

लिंबाजीने बोटांवर मोजलं. “अकरा माणसं, एक शेळी, एक पोतं.”

“शेळी माल कशी व्हईल? ती चालती हाय!” मी ओरडलो.

“मग काय सवारी हाय का?” नागुबाई आतून ओरडली.

शेळीवर बराच खल झाला. माणसं माल होतात का, यावर त्याहून जास्त झाला. भांडण सुरू झाल्यावर चढवलेला भार धरायचा का, हा मुद्दा माझा. तो मी इतका झकास मांडला की दोघा-तिघांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. शेवटी तंबाखूचा बार भरून लिंबाजीने निकाल दिला, “दोगंबी भरलेले. टणक जागा सूर्यभानच्या जवळ हाय, त्यानं मागं घ्यावं.”

“वाजले किती?” मी विचारलं. घड्याळ एकट्या किशनरावांकडेच होतं. त्यांनी ते खिशातून काढलं, झाकण उघडलं आणि मोठ्या सभ्यपणाने सांगितलं, “सव्वा वाजला.”

मी मागे वळून पाहिलं. लॉरीच्या पाठीपासून विहिरीपर्यंत कापसाच्या बैलगाड्या एकीला एक लागून उभ्या होत्या. सगळ्या भरलेल्या, सगळ्या बरोबर. आता मागे घ्यायचं म्हटलं तरी जागा नव्हती.

लॉरी मुंजाजीच्या हवाली करून, फडकं बगलेत मारून मी पळत सुटलो.

स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी उभी होती. दैवशाला खिडकीतून अर्धी बाहेर आली होती. वाळली होती पोरगी. मला बघून हसली आणि माझ्या मागे बघायला लागली.

“दादा, लॉरी कुठाय?”

डब्यातल्या पाच-सहा बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. जालन्यापासून ती त्यांना सांगत आली होती, माझा भाऊ लॉरी चालवतो, स्टेशनापर्यंत घेऊन येईल, तुम्हाला दाखवते. मी गुडघ्यापर्यंत चिखलात. एका पायातली वहाण सडकेतच राहिलेली.

“येच है क्या लॉरीवाला?” त्यांतल्या एकीने विचारलं.

“सडकेवर अडकलीय गं,” मी म्हणालो. “फुडच्या खेपेला दाखवतो.”

“फुडची खेप कधी, दादा?” तिने हुरडा घेतला, माझा हात एकदा घट्ट धरला, आणि शिट्टी झाली.

दिवस कलताना मी परत पोचलो. मोटार काळ्या मातीत उभी होती, बैलांच्या दोन जोड्या तिला ओढत होत्या आणि किशनराव शेरवानी वर धरून ओरडत होते. बसलेली माणसं कंटाळून केव्हाच उतरून पायी घरी गेली होती.

लिंबाजीने माझ्या पाठीवर थाप मारली. “समदे उतरले, मोटार रिकामी झाली. सूर्यभान, तुजंच बरोबर निघालं बघ!”

भोवतीचे गाडीवान खूष होऊन हसले. मला रडू आलं. इंजिनाला हँडल मारायच्या निमित्ताने मी लॉरीच्या पुढे जाऊन खाली वाकलो आणि बराच वेळ तसाच वाकून राहिलो.