जागं राहायचा दिवस

“अगं ते बघ, मगर!” नवरा बोटीत असा ताडकन उभा राहिला की बोट एका अंगाला कलली.

सिस्टरने दचकून डोळे उघडले. मगर कसली, ओंडका होता. नाववाल्याने तसं सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “याला लहानपणापासून नसलेलंच दिसतं.” सगळे हसले. सिस्टरही हसली, आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून तिने डोळ्यांना पाणी लावून घेतलं.

घरीदारी तिला सगळे सिस्टरच म्हणत. नवराही, आधी चेष्टेने आणि मग सवयीने. सहल ठरली होती शनिवार-रविवारची. शनिवार वॉर्डाने गिळला. रात्रपाळी उरकून ती कपडे बदलून थेट धक्क्यावर आली होती. मंगळवारी लेक नोकरीसाठी परगावी निघणार होती, आणि पोरगी लहानाची मोठी झाली ती आपल्या ड्युट्यांच्या फटीतून, हे सिस्टरला आतून खात होतं. निदान आजचा दिवस डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

पंख वाळत घातलेले पाणकावळे दिसले. एक खंड्या सूर मारून मासा घेऊन गेला. सिस्टर प्रत्येक वेळी “हो हो, दिसला” म्हणे. अर्ध्या वेळेला तिला नुसतं पाणीच दिसत होतं.

बेटावर उतरल्यावर टेकडी चढायची होती. सासूबाई काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. सिस्टर बुटाची लेस बांधायला खडकावर टेकली.

“तुम्ही व्हा पुढे. मी आलेच.”

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. डोकं लेकीच्या मांडीवर होतं, लेकीच्या हातात छत्री. नवरा आणि सासूबाई खाली येऊन बोटीत बसलेही होते.

“मला उठवलं का नाहीस?”

“आई, वरून बाबांना पोहत जाणारी हरणं दिसली. आणि पाणमांजरं तर इथेच आली होती, समोर. दोन पिल्लं होती.”

“मग हलवायचं नाही मला? एवढा एक दिवस होता गं माझ्याकडे!” सिस्टरचा आवाज चिरकला. पेशंट गेला तरी वॉर्डात न रडणारी बाई खडकावर बसून रडायला लागली.

लेकीने छत्री मिटली. “उठवणारच होते. पण मी तुला झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. मी उठायच्या आत तू उठलेली, नाहीतर ड्युटीवर. म्हटलं, बघू जरा.” मग ती हसली. “घोरतेस तू. आणि माझं मनगट सोडत नव्हतीस. बघ, अजून धरलंयस.”

सिस्टरने खाली पाहिलं. तीन बोटं लेकीच्या नाडीवर तशीच होती. तिला ती उचलवेनात.

परतीला वारा पडला होता. दिवसभर उन्हात बसून लेक दमली होती. बोट सुटते न सुटते तोच तिचं डोकं आईच्या खांद्यावर कललं. तोंड किंचित उघडं. भुवईपाशी एक बारीक व्रण होता, तो कधीचा, हे सिस्टरला आठवेना. अंग ठणकत होतं, पण झोप कुठल्या कुठे पळाली होती.

“अगं!” नवरा पुन्हा उभा राहिला. “या खेपेला खरंच! त्या चिखलात बघ, केवढी!”

नाववाल्याने इंजिन मंद केलं. “मगरच आहे, साहेब.”

सासूबाईंनी चष्मा पुसून घातला. काठावरचं ते भलंमोठं जनावर जबडा उघडून ऊन खात पडलं होतं.

सिस्टरने मान वळवली नाही. तिने ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला,” ती म्हणाली, “झोपलीये ती.”