जावयाच्या गाडीची मागची सीट

नागाबाईनं जन्मात वाकळा धुतल्या, घोंगड्या धुतल्या, बाळंतिणींची अंथरुणं धुतली. गाडीची सीट मात्र कधी धुतली नव्हती. पण घाण ती घाण आणि धुणं ते धुणं, असं तिचं सरळ गणित. शनिवारी सकाळी तिनं चुलीवर पाणी उकळलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि जावयाच्या गाडीची मागची लांबलचक सीट अंगणात काथ्यानं घासघासून काढली. मग शेजारच्या दोघांना हाताशी धरून ती पत्र्यावर चढवली आणि उन्हात टाकली. वैशाखाचं ऊन. वाकळ असती तर दुपारपर्यंत खडखडीत वाळून खाली आली असती. सीट होती चामड्याची. रविवारी सांजच्याला खाली उतरवली तेव्हा चामडं आक्रसून टाके उसवले होते, बदामी रंग जागोजागी पांढरा पडला होता आणि मधोमध भेगाळलेल्या रानासारखे तडे गेले होते. वास होता तिथंच होता.

नागाबाई खाली बसली. तिला रडू आलं नाही, भीती वाटली.

तिचा नवरा अर्जुनराव. लघवीच्या वाटेवरच्या गाठीचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, आता लातूरला किरणांचे शेक चालू होते. दवाखाना ठेवून घेत नव्हता. रोज जायचं, रोज यायचं. शेकाची अट मोठी अवघड. मशीनखाली जायच्या आधी तांब्याभर पाणी पिऊन पोटातली लघवीची पिशवी भरून ठेवायची, नाहीतर शेजारचं आतडं भाजतं, असं मशीनवरची मुलगी सांगायची. अर्जुनराव मुकाट पाणी प्यायचे आणि परतीच्या वाटेवर ते पाणी त्यांना धरवत नसे. एकदा बसमध्ये आजूबाजूच्या बायांनी नाकाला पदर लावला. तेव्हापासून त्यांनी बसचं नाव टाकलं.

राहिला जावई. सत्यम जळकोटहून रोज आपल्या गाडीनं लातूरला नोकरीवर जायचा, वाटेत फाट्यावर या दोघांना घ्यायचा. लेकीच्या घरचं पाणी पितानाही दहादा विचार करणारी ही माणसं. पण जीव तगवायचा होता. मग शुक्रवारी परत येताना लंगोट बांधलेला असूनही सीट भिजली. "राहू द्या मामी, मी बघतो," सत्यम म्हणाला, पण तो तोंडानं श्वास घेत होता ते नागाबाईनं पाहिलं. रात्री लेकीचा, तनुजाचा फोन आला. "माय, ते काय बोलले न्हाईत. पण जेवले बी न्हाईत." म्हणून तर शनिवारी उजाडताच त्याला बोलावून नागाबाईनं हट्टानं सीट काढून घेतली होती. सत्यम उद्यापासून येत नाही म्हणाला की शेक बंद, आणि शेक बंद की कुंकवाचा धनी गेला.

सोमवारी फाटकी सीट गाडीत मागं टाकून, अर्जुनरावांना पुढं बसवून ते लातूरला गेले. सत्यमनं सीट पाहिली आणि नुसतं "असू द्या," म्हणाला. अर्जुनरावांना दवाखान्यात बसवून नागाबाई रिक्षात सीट घालून गुंडप्पाच्या दुकानी गेली. गुंडप्पा म्हातारा, हयात सीटा शिवण्यात गेलेली. त्यानं नखानं तडा उकलला.

"अक्का, शीट धुतली का तळली?"

"सोड्यानं धुतली. उन्हात वाळवली."

"पापडावानी! चामडं हाय बाई हे. ओलं फडकं फिरवायचं आन् सावलीत ठिवायचं. काय सांडलं व्हतं?"

"पानी. लेकरानं केलं."

गुंडप्पानं आतला स्पंज चिमटीत धरून नाकाशी नेला. "लेकरू किती वर्साचं?"

नागाबाईनं पदर पुढं ओढला. "सत्तरीच्या पुढचं."

"हं." त्यानं स्पंज खाली ठेवला. "माजी माय बी शेवटाला तशीच झाल्ती. आता आयका. स्पंज नवा घालतो, पन वरून रेक्झीन टाका. भिजलं, पुसलं, खलास. हे काय एकदाच व्हनार न्हाई."

"न्हाई. जशी व्हती तशीच पायजे. जावयाची गाडी हाय."

"आवो, मागं जावई बसनार हाय का तुमचा मालक?"

"चामडंच घाला."

"घालतो माय. जावयाम्होरं देवाचं बी चालत न्हाई."

मंगळवार-बुधवार सत्यमचं बाहेरगावचं काम निघालं. खरं का खोटं, विचारायचं कुणी? दोन्ही शेक बुडाले. गुरुवारी तो फाट्यावर आला तेव्हा सीट बसवलेली होती. गुंडप्पानं जीव ओतला होता. रंगाला रंग लागलेला, टाक्याला टाका, जोड कुठं दिसेना.

"शोरूमच्या गाडीवानी झाली बघा मामी," सत्यम मनापासून म्हणाला. एका कोपऱ्यात मात्र त्यानं जाड टॉवेल घडी करून ठेवला होता, त्याखाली प्लॅस्टिकचा कागद.

अर्जुनरावांनी सीट पाहिली, टॉवेल पाहिला. मग पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून कडेला अधांतरी टेकले. खड्डा आला की त्यांच्या मांड्या थरथरत.

"मामा, नीट बसा की."

"बसलोय की."

दवाखान्यात नागाबाईनं तांब्या पुढं केला. त्यांनी तोंड फिरवलं.

"प्या."

"तहान न्हाई."

"तहानंचा काय संबंध? औषिद समजून प्या."

"नागे, ते पानी मला आत्ताच शीटवर दिसून राहिलंय."

आतली मुलगी तपासून म्हणाली, "आजोबा, पिशवी रिकामी आहे. असा शेक देता येत नाही. उद्या पाणी पिऊन या."

शुक्रवारीही तेच. तसेच अधांतरी आले, तसेच ओठ मिटून बसले. नागाबाईनं हात जोडले, शिव्या दिल्या, तांब्या ओठाला लावला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. गुंडप्पाचं ऐकलं असतं तर, हे तिच्या मनात आलं आणि तिथंच रुतून बसलं.

"बसनं येऊ, मी सांभाळते," ती म्हणाली.

"बस न्हाई."

"मग असंच मरनार का?"

अर्जुनरावांनी बाहीनं ओली हनुवटी पुसली. "तनुजाला नांदू दे," ते म्हणाले.

नागाबाईनं तांब्यातलं पाणी दाराबाहेरच्या झाडाला ओतलं.

संध्याकाळी सत्यम न्यायला आला. किल्ली बोटात फिरवत म्हणाला, "मामी, सोमवारचं जरा अवघडच दिसतंय. बघतो मी, कुणाला तरी..."

"सोमवारी नगं," नागाबाई म्हणाली. "डागदरनं बास म्हनलं. शेक संपले."

सत्यमनं तिच्याकडं पाहिलं. सगळे शेक कधी संपणार ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या दिवशी डॉक्टरपुढं तोच बसला होता.

"संपले?"

"हाव."

"बरं झालं," तो म्हणाला. कपाळाच्या आठ्या सैलावल्या. गाडीत बसल्यावर त्यानं स्वतःहून तनुजाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "आबांचे शेक संपले बघ."

"संपले?" पलीकडून तनुजा ओरडलीच. "माय, खरंच?"

"खरंच गं बाई."

"बाई बाई! रविवारी या दोघं. पुरनाच्या पोळ्या करते. आबा, आयकू येतंय का? आबा बोलत का न्हाईत?"

अर्जुनराव पुढची पाठ धरून कडेला टेकले होते, डोळे रस्त्यावर.

"निजलेत," नागाबाई म्हणाली.