मधल्या खांबाला कुणी विचारलं?

मी मधला खांब बोलतोय. क्वीन्सलंडच्या एका नदीत उभा आहे. डोक्यावर तिरप्या लोखंडी दांड्यांच्या कैच्यांचा पूल, त्यावरून उसाची छोटी आगगाडी जाते. पूल या काठापासून त्या काठापर्यंत एकसंध. त्याला टेकू तीन: दोन काठांवर, मधे मी.

दोनच टेकू असते, तर कुणाच्या वाट्याला किती भार ते तोलाच्या साध्या हिशेबाने निघालं असतं. तिसरा आला की हिशेब अडतो. मग हे इंजिनिअर काय करतात? कागदावर मलाच पुसून टाकतात! माझ्याविना पूल किती वाकेल ते काढतात, आणि तो वाक घालवायला खालून जेवढा जोर लागेल, तो माझा भार. युक्ती झकास आहे, नाही म्हणत नाही. पण वर लिहितात, 'मधला खांब खचलेला नाही असे धरू.' धरू! अरे, मला विचारलंत?

यंदाच्या पुराने माझ्या पायाखालची वाळू नेली आणि मी चांगला चार बोटं खचलो. साखर कारखान्याच्या क्लाइव्हसाहेबाने मात्र जुनंच गणित पुढे केलं. पलीकडे ड्रायव्हर ब्रूनो भरलेली गाडी घेऊन भोंगा वाजवत होता.

"नेरीडाबाई, करा सही आणि सोडा त्याला!" क्लाइव्ह पुलाच्या इंजिनिअरवर खेकसला. "तोडलेला ऊस वाळतोय तिकडे!"

"वाळू दे. आधी जॅक लावते."

"अहो, बापजाद्यांपासून उभा आहे तो खांब!"

"मग अजून घटकाभर उभा राहील."

तिने माझ्या डोक्यावर जॅक ठेवला आणि पूल माझ्यावरून जेमतेम सुटेपर्यंत दाब वाढवला. तेवढ्या दाबाला जॅकच्या दाबमापकाचा काटा जागचा हललाच कुठे!

"क्लाइव्ह, गणितातला पाव भारसुद्धा याच्यावर नाही. खाली गेलाय हा. पूल मधे जवळजवळ अधांतरी आहे. गाडी आली असती तर मोडला असता."

क्लाइव्हचा चेहरा पांढराफटक. भोंगा वाजवून कंटाळलेला ब्रूनो तोवर पुलावरून चालत आला होता. त्याने सगळं ऐकलं.

"काय रे क्लाइव्ह, तुझ्या गणितात माझा जीव किती धरला होतास?"

क्लाइव्हने सहीचा कागद घडी करून खिशात घातला.

पुढे माझ्या पायाशी काँक्रीट ओतलं, डोक्यावर, पुलाच्या खाली, पोलादी पट्ट्या सारल्या, तेव्हा कुठे माझा भार माझ्याकडे आला. आता गाडी गेली की मी पुरता दाबला जातो, आणि बरं वाटतं. राग मात्र गेलेला नाही. गणितवाल्यांनो, मला खुशाल पुसा. पण पूर ओसरला की एकदा पाण्यात उतरून बघा, मी होतो तिथेच आहे का. वरून माणसं जातात हो!