प्रिंटमागची सही

बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं. सोमवारी संध्याकाळी मी पॅसेजमधल्या भिंतीवरचे फोटो मोजले. एकवीस होते, आणि एकवीसच्या एकवीस निळे.

घरात शिरल्याबरोबर कोणी दचकेल इतके काही ते निळे नव्हते. पण आईचा करडा स्वेटर आकाशी दिसत होता, आणि तिचे ओठ थंडीत तासभर उभं केल्यासारखे. माझ्या भावाचा मुलगा दात काढून हसत होता, आणि ते दात चुना लावलेल्या भिंतीसारखे होते. प्रत्येक फोटोच्या मागे बाबांच्या सरळ अक्षरात तारीख होती, त्याखाली ‘पास’, आणि त्याखाली माझी सही.

मी भिंतींना लावायचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात काम करते, प्रयोगशाळेत. नवा लॉट आला की त्याची पट्टी रंगवायची, वाळू द्यायची आणि मूळ नमुन्याशेजारी ठेवून यंत्राने मोजायची. यंत्र फरकाचा एक आकडा देतं. एकच्या आत असेल तर पास, दोनच्या वर गेला तर नापास. मधलं काही आलं तर माझ्या डोळ्यावर सोपवतात, आणि माझ्या डोळ्याशी कोणी वाद घालत नाही. हे मी बाबांना कधीतरी सांगितलं होतं. त्यांना ते फार आवडलं होतं.

बाबा आरेखक. चौतीस वर्षं त्यांनी इमारतींचे नकाशे काढले, तेही बहुतेक सगळे हाताने आणि काळ्या शाईने. निवृत्त झाल्यावरही ते घरी टेबलाशी बसायचे, पण रेघ पूर्वीसारखी येईना. वर्षात दोनदा चष्मा बदलला. मग एक दिवस त्यांनी पेनं धुऊन, पुसून डब्यात ठेवली आणि डबा कपाटावर टाकला. त्यानंतरच्या महिन्यात मी त्यांना फोटो छापायचा प्रिंटर आणून दिला.

मी वरच्या मजल्यावर राहते, आई-बाबा खाली. रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की आधी खाली डोकावते. प्रिंटर आल्यापासून बाबा दारातच उभे असायचे.

“या परीक्षकबाई, तुमचीच वाट बघत होतो.”

आधी ते मला रेघांचं पान दाखवायचे. छपाई सुरू करण्याआधी प्रिंटर एक तपासणीचं पान काढतो. त्यावर सहाही शायांच्या बारीक रेघा पायऱ्यांसारख्या छापलेल्या असतात. एखादी रेघ तुटली तर प्रिंटरच्या हेडमधलं तिथलं शाईचं भोक बुजलंय असं समजायचं आणि हेड साफ करून घ्यायचं. बाबांना हे पान फोटोंपेक्षाही प्रिय होतं. आयुष्यभर रेघा तपासलेला माणूस! काळी, निळी, गुलाबी ते भिंग लावून स्वतः बघायचे. मग पान माझ्यापुढे धरायचे.

“पिवळी तू बघ. मेली दिसतच नाही.”

मी खिडकीशी जाऊन पिवळ्या रेघा बघायचे आणि सांगायचे. पांढऱ्या कागदावर पिवळं कोणालाच नीट दिसत नाही, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं.

पहिला फोटो आईचा होता, करड्या स्वेटरमधला. छापून झाल्यावर बाबांनी तो दोन्ही हातांनी कडेला धरून माझ्याकडे दिला. त्यावर निळसर झाक होती. कारखान्यात मी तो परत पाठवला असता. पण बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते आणि किती दिवसांनी त्यांच्या बोटांना शाई लागली होती. हे घर आहे, प्रयोगशाळा नाही, असं मनाशी म्हणून मी “छान” म्हटलं.

“नुसतं छान नको. पास की नापास?”

“पास.”

“मग कर सही.”

दुसरा फोटो पहिल्यासारखाच वाटला, तिसरा दुसऱ्यासारखा. नव्या माणसाला आम्ही प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी बजावतो, नवा लॉट मागच्या लॉटशी ताडायचा नाही, नेहमी मूळ नमुन्याशी ताडायचा. नाहीतर रोज केसभर सरकत सरकत रंग कुठल्या कुठे जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मी घरी वर्षभर नेमकं तेच केलं.

लक्षात यायला जागा नव्हती असंही नाही. निळ्या शाईची तिसरी बाटली आली तरी पिवळी पहिलीच चालू होती.

“कंपनीचा मालक पिवळीच्या बाबतीत दिलदार दिसतोय,” बाबा म्हणायचे.

आई म्हणायची, “मला मात्र त्याने जिवंतपणीच गार करून टाकलंय. बघावं तेव्हा मी आपली गेल्या आठवड्यात गेल्यासारखी.”

“तुझा चेहरा तू कधी नीट बघितलायस का? परीक्षकबाईंची सही आहे मागे.”

मग आई माझ्याकडे बघायची आणि मी चहाच्या कपात.

शेवटी बाबा तिसऱ्यांदा चष्मा बदलायला गेले तेव्हा चष्मेवाल्यानेच त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं आणि माणसाला सगळं त्या रंगातून दिसतं, पण हळूहळू होत असल्यामुळे त्याला स्वतःला कळत नाही. मग त्यांनी आम्हा दोघींकडे बघून विचारलं, “इतका पिकेपर्यंत घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?”

माझ्या लक्षात त्याच क्षणी आलं. बाबांना प्रत्येक फोटो पिवळट दिसत होता, म्हणून ते पडद्यावर पिवळं कमी करून निळं वाढवत होते, त्यांच्या डोळ्याला बरोबर दिसेपर्यंत. फोटो त्यांचा आजार सांगत होते, आणि ज्या एका माणसाला ते वाचता यायला हवे होते, तिने मागे सही करून ठेवली होती. शुक्रवारी पट्टी सुटली की बाबा त्या पॅसेजमधून चालत येणार होते. त्यानंतर ते माझ्या शब्दावर पुन्हा विश्वास ठेवतील की नाही, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता.

मंगळवारी मी प्रयोगशाळेतलं हातात मावणारं यंत्र मागून आणलं. आईचा करडा स्वेटर मोजला, मग फोटोतला स्वेटर मोजला. सर्वांत नव्या फोटोतला फरक अकरा आला.

बुधवारी बाबा आईबरोबर ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी गेले आणि मी रजा टाकून त्यांच्या प्रिंटरशी बसले. कॅमेऱ्याच्या कार्डात मूळ फोटो होतेच. चार फोटो नीट रंगात छापले, वाळवले आणि भिंतीवरच्या फ्रेममध्ये घातले. कोणाला काही कळलं नसतं. पण फ्रेम मागून बंद करण्याआधी पेन हातात घेतलं आणि अडले. मागे तारीख कुठली घालायची? मागच्या वर्षीची घातली तर एक खोटी सही झाकायला दुसरी खोटी सही. आजची घातली तर बाबांना दोन मिनिटांत कळणार.

शिवाय सगळे फोटो काही भिंतीवर नव्हते. वाढदिवसाला, परीक्षेच्या निकालाला, नुसते सहज म्हणूनही बाबांनी फोटो वाटले होते. मी आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिच्याकडे आठ होते.

“आत्या, बाबांनी दिलेले फोटो तुझ्याकडे आहेत ना? ते निळे वाटतात का गं तुला?”

“वाटतात म्हणजे? निळेच आहेत! तुझे काका तर त्यांना पाण्याखालचे फोटो म्हणतात.”

“मग तू बाबांना बोलली का नाहीस?”

“मी कशाला बोलू? मागे तुझी सही आहे ना! म्हटलं, रंगातली शिकलेली पोर पास म्हणतेय, तर आपलेच डोळे गेले असतील. मी जाऊन डोळे तपासून आले, माहितीये?”

“काय निघालं?”

“काय निघणार? ठणठणीत!”

फोन ठेवल्यावर मी चारही नवे फोटो फ्रेममधून काढले, जुने परत घातले आणि भिंत होती तशी केली. इतक्यात आई-बाबा परतले. बाबा आत आडवे झाल्यावर आई स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, “प्रिंटर गरम लागतोय.”

“चार छापले होते. पण नाही लावले.”

“बरं केलंस. उद्या संध्याकाळी सांग त्यांना. शुक्रवारी त्यांचं त्यांना कळण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे.”

“तूच सांग ना.”

“सही माझी आहे का?”

गुरुवारी ऑपरेशन वीस मिनिटांत आटोपलं. संध्याकाळी बाबा उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून खुर्चीत बसले होते, स्वारी खुशीत होती. मी समोर स्टूल ओढून घेतलं.

“बाबा, तुमचे फोटो निळे आहेत. सगळे. पहिल्यापासून.”

बाबांनी डावा डोळा माझ्यावर रोखला. मग म्हणाले, “कितीने?”

“अकरा.”

“दोनच्या वर तुम्ही लॉट परत पाठवता ना?”

“हो.”

“आणि अकराला तू सही केलीस.”

“पहिला तीन असेल. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही इतक्या दिवसांनी काहीतरी करत होता. मग...”

“मग चाराला केलीस, पाचाला केलीस.” त्यांचा आवाज चढला नव्हता. नकाशातली चूक दाखवताना असायचा तसाच होता. “अगं, मला दिसत नव्हतं. ते मला कसं कळणार? मी रोज तुला विचारत होतो. मी फोटोचं विचारत नव्हतो, माझा डोळा विचारत होता. वर्षापूर्वी नापास म्हणाली असतीस, तर वर्षापूर्वी मला दिसलं असतं. पेनं वर्षभर कपाटावर पडून राहिली नसती.”

आईने उठून दिवा लावला.

शुक्रवारी डॉक्टरांकडून परत आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि सरळ पॅसेजमध्ये गेले. मी दारात थांबले. ते आईच्या फोटोसमोर उभे राहिले. तळहाताने डावा डोळा झाकला आणि बघितलं. मग उजवा झाकून बघितलं. पुन्हा डावा. असं त्यांनी एकवीस फोटोंसमोर केलं, एकही सोडला नाही.

“या डोळ्याने बघितलं तर निळे,” ते भिंतीकडे बघतच म्हणाले. “आणि या डोळ्याने बघितलं तर एकदम बरोबर आहेत. मी बरोबरच छापत होतो.”

“हो बाबा.”

“या जुन्या डोळ्याने बघितलं तर तूही खरीच आहेस.”

त्यापुढे ते माझ्याशी नऊ दिवस कामापुरतंच बोलले. औषधाचे थेंब मीच घालायचे. ते मान मागे टाकायचे, थेंब पडला की “झालं?” विचारायचे, मी “झालं” म्हणायचे. प्रिंटरवर आईने रुमाल टाकून ठेवला होता. संध्याकाळी खाली गेले तर दारात कोणी उभं नसायचं.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, खालून प्रिंटरचा आवाज आला. मी जिन्यातच थांबले. आवाज ओळखीचा होता, आधी घरघर, मग तीन छोटे ठोके. रेघांचं पान.

खाली गेले तर बाबा खिडकीशी बसले होते, हातात भिंग. त्यांनी पान माझ्यापुढे सरकवलं.

“पिवळीत किती तुटल्यात?”

बरेच दिवस न वापरल्यामुळे काही भोकं बुजली असणार हे उघड होतं. मी पान उजेडात धरलं आणि पायऱ्या वरून खाली नीट बघितल्या.

“एक. मधल्या रांगेत.”

“नीट बघ.”

“एकच आहे.”

“दोन आहेत. शेवटच्या रांगेत, कोपऱ्याला. अर्धी आलीय.” त्यांनी बोट ठेवलं. मी भिंग मागून घेतलं. खरंच, दोन होत्या.

“दोन,” मी म्हटलं.

“हं.” एवढंच म्हणून त्यांनी हेड साफ करायला लावलं. पुन्हा पान काढलं, पुन्हा बघितलं, आणि मग कार्डातून आईचा तो पहिलाच फोटो पडद्यावर आणला. ते उजव्या डोळ्याने रंग लावत होते, डावा मिटून. मधूनच विसरून दोन्ही उघडायचे आणि स्वतःवरच चिडायचे. फोटो बाहेर आला. वाळेपर्यंत त्यांनी तो टेबलावर ठेवला. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी कडेला धरून माझ्याकडे दिला.

“थांबा,” मी म्हटलं. “आई, तो करडा स्वेटर घालून इकडे ये ना जरा.”

“या उकाड्यात?”

“ये तर.”

आई स्वेटर चढवत, पुटपुटत आली. मी तिला खिडकीच्या उजेडात उभी केली, फोटो तिच्या खांद्याशी धरला आणि दोन्ही करडे रंग शेजारी शेजारी ठेवून बघितले. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या पेनाकडे बघत होते.

“अजून निळा आहे,” मी म्हटलं. “थोडा.”

“किती?”

“तीनच्या आसपास. यंत्र हवं तर उद्या आणते.”

“नको. म्हणजे नापास.”

“नापास.”

बाबांनी फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. सरळ अक्षरात तारीख घातली. त्याखाली ‘नापास’ लिहिलं, आडवी रेघ कागदाच्या कडेशी बरोबर समांतर, आणि पेन माझ्याकडे दिलं.

“कर सही.”

मी सही केली. ती सुकेपर्यंत त्यांनी दुसरा कागद ट्रेमध्ये घातला होता.

“मी स्वेटर काढू का आता?” आईने विचारलं.

“अजिबात नाही,” बाबा म्हणाले. “मूळ नमुना जागेवरून हलायचा नाही.”