भस्मराज्यातला बोलका भोपळा

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे महाकवी म्हणायचे आणि तो ते कौतुकच आहे असं धरून चालायचा. गेममधली गोष्ट लिहिणं हे त्याचं काम. कंपनीचा आजवर एकच गेम चालला होता, ‘भस्मराज्य’. तो मात्र असा चालला की आधी नाकं मुरडणाऱ्यांनी नंतर मुकाट्याने त्याच्या नकला करायला घेतल्या. त्यात राखेचे डोंगर होते, पंख करपलेले ड्रॅगन होते आणि एक राणी होती. तिच्या हातून चुकून सुटलेला बाण सख्ख्या भावाला लागला होता. त्याच्या देहापाशी तिने धनुष्य मोडलं आणि पुन्हा शस्त्र हाती धरणार नाही अशी शपथ घेतली. हे सगळं महाकवीच्या डोक्यातून निघालेलं. भस्मराज्याचा सातशे वर्षांचा इतिहास, राजघराण्यातल्या चुलत्या-पुतण्यांच्या भांडणांसकट, त्याला तोंडपाठ होता. सख्ख्या बहिणीचा वाढदिवस कधी असतो हे मात्र तिलाच फोन करून सांगावं लागे.

दुसऱ्या भागात राणीचं पुढे काय होणार, हे तो मनात रंगवत होता, तेवढ्यात मालकांनी बोलावलं.

मालकांच्या टेबलावर भडक नारिंगी रंगाचं प्लास्टिकचं धनुष्य पडलं होतं. त्याला दोरीऐवजी पिस्तुलासारखा चाप होता.

“बसा, महाकवी. हे पडद्यासमोर धरायचं आणि चाप ओढायचा. कारखान्यातून ढिगाने आलीसुद्धा. गोदामात पाय ठेवायला जागा नाही.”

“छान आहे,” महाकवी म्हणाला. न पटलेल्या प्रत्येक गोष्टीला तो छान आहे म्हणायचा.

“आता याच्यासोबत द्यायला गेम पाहिजे. छोटासाच. भस्मराज्यातला, पण नेमबाजीचा. समोर भोपळे, मडकी, बुजगावणी. बाण मारायचा, फोडायचं. लहान पोरांनीही खेळला पाहिजे, तेव्हा रक्तबिक्त नको.”

“आणि बाण कोण मारणार?”

“राणी. खोक्यावर चित्र तिचंच आहे ना.”

महाकवी खुर्चीतून अर्धा उठला. “तिने शपथ घेतलीये.”

“कुणासमोर?”

“मेलेल्या भावासमोर.”

“मग झालं तर. तो थोडाच विचारायला येणारे?” मालकांनी धनुष्य उचलून खिडकीतून समोरच्या इमारतीवर नेम धरला. “तुम्ही काहीतरी जुळवा. तुमच्यासारखा जुळवणारा माणूस नाही.”

हरभऱ्याच्या झाडावर चढायला महाकवीला शिडी लागत नसे. तो जागेवर जाऊन बसला आणि खरोखरच जुळवायला लागला. शपथ होती ती सजीवांवर शस्त्र न धरण्याची, असं त्याने ठरवलं. मग प्रश्न आला, वेलीवरून तोडलेला भोपळा सजीव की निर्जीव? यावर त्याने भर दरबारात वाद घडवून आणला. राजगुरू, सेनापती आणि एक आंधळा वैद्य, तिघांची लांबलचक भाषणं. मधे राणीचं स्वगत. शेवटी वैद्य भोपळ्यावर हात फिरवून निर्णय देतो आणि राणी डोळे पुसत धनुष्य उचलते.

वैद्याचा आवाज द्यायला आलेल्या नटाने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “मी भोपळ्याच्या बाजूने आहे की विरुद्ध?”

“तुम्ही सत्याच्या बाजूने आहात,” महाकवी म्हणाला.

नट बरं म्हणाला आणि सर्दी झाल्यासारखा आवाज काढून मोकळा झाला.

महाकवीच्या शेजारी गेमची डिझायनर बसायची. लक्ष्यं कुठून उगवणार, किती वेगाने सरकणार, बाण लागल्यावर कशी फुटणार, हे सगळं ती ठरवायची. बाई कामाला वाघ, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याने आधी पाण्याचा घोट घ्यावा. दरबाराचा प्रसंग पाहून ती एवढंच म्हणाली, “खाली ‘वगळा’चं बटण आहे. मोठं केलंय मी.”

ते बटण केवढं मोठं आहे हे चाचणीच्या दिवशी कळलं. गेम बाजारात नेण्याआधी बाहेरची माणसं बोलावून त्यांना खेळायला बसवायची आणि आपण काचेआडून बघायचं, अशी पद्धत होती. माणसं कमी पडली म्हणून प्रत्येकाने घरचं कुणीतरी आणायचं ठरलं. महाकवीने ताईला आणलं. ताई एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून तिला फालतू बोलण्याचा भयंकर कंटाळा होता.

तिने धनुष्य हातात घेतलं. पडद्यावर राजगुरू उठून उभा राहिला, त्याने घसा साफ केला.

“हे कसं घालवायचं?” ताईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता घालवलं.

तिच्यामागून आलेल्या प्रत्येकाने तेच केलं. एक आजोबा तेवढे शेवटपर्यंत बसले. महाकवी काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत राहिला, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. दरबार संपला तरी आजोबा हलेनात, तेव्हा कुणीतरी आत जाऊन त्यांना उठवलं.

ताई मात्र भोपळे फोडून खूश झाली. जाताना म्हणाली, “छान वेळ गेला. तू यात काय केलंस?”

त्या दिवशी महाकवी जेवला नाही. डिझायनर आपला डबा संपवून त्याच्या टेबलाशी आली. “हे बघ, नेमाच्या आधी गोष्ट ठेवलीस तर लोक ती ओलांडूनच जाणार. लक्ष्यांच्याच तोंडात घाल. लोक तिकडे तरी बघतात.”

“भोपळ्याच्या तोंडी गोष्ट घालू?”

“भोपळा म्हणजे काय वाईट? दरबारापेक्षा जास्त लोक त्याच्यासमोर थांबतात.”

हे त्याला लागलं, पण डोक्यातही बसलं. आणि एकदा डोक्यात बसल्यावर त्याला वेगळंच सुचलं. त्याने एक बुजगावणं लिहिलं. ते उगवल्याबरोबर म्हणायचं, ‘छोटासाच बदल आहे,’ बाण चुकला तर ‘आपण सगळे एकाच घरचे आहोत,’ आणि पेंढा उडाला की ‘तुम्ही काहीतरी जुळवा.’ एक गळकं मडकं लिहिलं, ते काहीही झालं तरी ‘बघू’ म्हणायचं. पगारवाढीचं विचारायला ज्यांच्याकडे जावं लागे त्या व्यवस्थापकांची ती लकब होती. दरबार लिहायला त्याला आठवडे लागले होते, हे एका दुपारी झालं. लिहिताना तो एकटाच खुदुखुदू हसत होता.

डिझायनर वाचून पोट धरून हसली. मग म्हणाली, “एक भोपळा मी करते. तुझ्या त्या इतिहासातला एखादा उतारा वाचून रेकॉर्ड करून दे ना. जसा तू नेहमी सांगतोस तसाच.”

महाकवीला भरून आलं. अखेर इतिहासाला जागा मिळत होती. भोपळ्यातून का होईना. त्याने आवाज खर्जात नेऊन वाचलं, ‘भस्मराज्याच्या स्थापनेपूर्वी, म्हणजे ज्या काळी राख ही अद्याप राख झालेली नव्हती...’ आणि पुढे बरंच काही. ती मधे एकदाही थांबवायला आली नाही, याचंही त्याला अप्रूप वाटलं.

गेम बाजारात आला आणि तुफान चालला. गोदामात पाय ठेवायला जागा झाली. मालकांना बुजगावणं इतकं आवडलं की त्यांनी त्याची पेंढ्याची प्रतिकृती करून टेबलावर ठेवली आणि ते आल्यागेल्याला तिचं डोकं दाबून वाक्य ऐकवायला लागले. ‘छोटासाच बदल आहे,’ बुजगावणं म्हणायचं आणि मालक टेबलावर हात आपटून हसायचे. “अशी माणसं असतात हो,” ते म्हणायचे. आख्ख्या कंपनीत हा विनोद न कळलेला माणूस एकच, याची महाकवीला रोज नव्याने गंमत वाटायची. माणूस स्वतःला इतकं कसं ओळखत नाही, असं तो चहाच्या वेळी डिझायनरला पुन:पुन्हा म्हणायचा. ती चहा पीत राहायची.

सुट्टीच्या दिवशी ताईने जेवायला बोलावलं. जेवणं होईपर्यंत भावजींना धीर नव्हता. ताट तसंच ठेवून ते धनुष्य घेऊन उभे राहिले, शेजारचं जोडपंही आलं होतं. बुजगावण्यावर सगळे थोडं हसले, मडक्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. मग कोपऱ्यातून चष्मा लावलेला एक जाडजूड भोपळा उगवला आणि खोलीत शांतता पसरली. भावजींनी नेम धरला.

“भस्मराज्याच्या स्थापनेपूर्वी, म्हणजे...”

फट्ट. भोपळ्याच्या ठिकऱ्या उडाल्या आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

“मी ‘स्थापने’वर उडवला होता काल,” शेजारीण म्हणाली.

“ती तर ‘भस्म’वरच उडवते,” भावजी ताईकडे मान करून अभिमानाने म्हणाले.

महाकवीचा घास तोंडातच राहिला. “पुढचं कुणी ऐकलंय का?”

“पुढे आहे?” शेजाऱ्याने विचारलं.

ताई त्याच्या पानात वाढायला वाकली. “अगदी हुबेहूब तू आहेस हा.”

“माझाच आवाज आहे तो.”

“आवाजाचं नाही रे म्हणत मी. जेवायला बसलं की तू असाच लागतोस. चष्मा वर करतोस आणि पूर्वी, म्हणजे ज्या काळी. इतकी वर्षं तुला थांबवायला हातात काही नव्हतं आमच्या.”

सगळे हसले. तोही हसला, कारण न हसून करणार काय. घरी जाऊन त्याने तो गेम एकट्याने लावला. भोपळ्याला पूर्ण बोलू दिलं. तो बोलता बोलता कितीतरी वेळ गेला आणि शेवटी महाकवीच्याच बोटाने चाप ओढला.

दुसऱ्या दिवशी तो डिझायनरच्या समोर जाऊन उभा राहिला. “भोपळा मी आहे?”

तिने मान वर केली. तिला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. “तुला माहीत आहे असं वाटलं मला. आवाज तूच दिलास.”

“तो मी गौरव समजलो.”

“मालकांनीही बुजगावण्यात स्वतःला ओळखलं नाही,” ती म्हणाली, आणि मग थोडं वाईट वाटून तिने त्याला आपल्या डब्यातलं अर्धं दिलं.

काही दिवस महाकवी कुणाशी बोलला नाही. लोकांना ते बरंच वाटलं, हेही त्याच्या लक्षात आलं. मग एके सकाळी तो आला तो थेट डिझायनरच्या खुर्चीशी. “बाण सुटल्यापासून लागेपर्यंत किती शब्द होतात?”

“नीट बोललं तर अर्धं वाक्य.”

तेवढ्यात बसेल असं लिहायचं त्याने ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने विशेषणं खोडली. मग राख खोडली. लिहायचा, डिझायनरला वाचून दाखवायचा, आणि ती ऐकता ऐकता बोटाने टेबलावर टक् करायची. टक् म्हणजे भोपळा मेला. कित्येक दिवस नुसतं टक् टक् चाललं होतं. एकदा त्याने वाचलं, ‘भाऊ मेलेला नाही,’ आणि टक् झालंच नाही.

“मग?” ती म्हणाली.

नवी वाक्यं गेममध्ये गेली. पुढच्या वेळी ताईच्या घरी भोपळा उगवला तेव्हा ती दातओठ खाऊन नेम धरून उभी होती.

“भाऊ मेलेला नाही,” भोपळा हळूच म्हणाला.

ताईचं बोट चापावर थांबलं. “म्हणजे? मग कुठे आहे?” तिने भोपळ्याला विचारलं. भोपळा आणखी थोडं म्हणाला, आणि मग पडद्याबाहेर सरकून गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. महाकवी खाली मान घालून पाण्याचा पेला फिरवत बसला.

आठवड्याभरात मालकांनी बोलावलं. “काय करून ठेवलंत हे? लोक बाण मारेनात. नेमबाजीचा गेम, आणि माणसं धनुष्य खाली ठेवून भोपळ्याचं ऐकत बसलीत. असं ऐकत बसले तर धनुष्य झिजणार कधी आणि नवं घेणार कधी?”

“ते गोष्ट ऐकतायत,” महाकवी म्हणाला.

“तेच म्हणतोय मी. पूर्वीसारखं लिहा. कंटाळवाणं. ते तुम्हाला फार छान जमायचं.” त्यांनी सवयीने बुजगावण्याचं डोकं दाबलं. “छोटासाच बदल आहे,” बुजगावणं म्हणालं, आणि मालक नेहमीसारखे हसले.

महाकवीने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. वाक्यं लांबवली, राख परत आणली. डिझायनरने सगळं ऐकून घेतलं, बोट टेबलाच्या वर धरून ठेवलं, पण खाली आणलं नाही. “बिघडलास तू,” ती म्हणाली. “जाऊ दे, जुनं रेकॉर्डिंग आहे, तेच टाकते.” तिने ते टाकलं, आणि भोपळे पुन्हा धडाधड फुटायला लागले.

दोनच दिवसांनी भर दुपारी ताईचा फोन आला. मागे दाताच्या यंत्राची घरघर आणि कुणाचं तरी कण्हणं ऐकू येत होतं.

“तो भोपळा पुन्हा पहिल्यासारखा बडबडतोय. भावाचं काय झालं?”

“काढून टाकलं ते.”

“ते कळलं मला. भाऊ कुठे आहे ते विचारतेय मी. इथे पेशंट ताटकळलेत, पटकन सांग.”

महाकवीने समोरचा कागद उलटून पाहिला. मग म्हणाला, “मलाच अजून माहीत नाही.”

“सातशे वर्षांचं माहीत आहे आणि हे नाही?”

“तुझं बोट थांबावं म्हणून लिहिलं होतं मी ते. पुढचा विचारच नव्हता केला.”

पलीकडून ताईने कुणाला तरी तोंड धुवून घ्या असं सांगितलं आणि पुन्हा फोन तोंडाशी धरला.

“मग आता कर. आणि सापडला की आधी मला सांग,” ती म्हणाली. “थोडक्यात.”