डॉक्टर इलुस्त्रेला मारा

तासियो दिमागिबा पडद्यावर इतक्या वेळा मेला होता की त्याच्या घरी मरण हा जेवताना बोलण्याचा विषय होता. "आज कसा मेलास?" कोन्चिंग भात वाढता वाढता नवऱ्याला विचारायची. तोही सांगायचा: कड्यावरून पडून, नाहीतर गोळी लागून, आणि एकदा तर नायकाच्या म्हाताऱ्या आईनं मुसळ घातल्यामुळे. मनिलाच्या सिनेमांत खलनायकानं शेवटच्या रिळात मरायचंच असतं. त्याशिवाय प्रेक्षक खुर्ची सोडत नाहीत, आणि सोडली तर मोडून सोडतात.

त्यामुळे साठी गाठता गाठता त्याला डॉक्टर साल्वादोर इलुस्त्रेची भूमिका मिळाली आणि दिग्दर्शक ओन्याते (सगळे त्याला 'दिरेक' म्हणत) म्हणाला, "या खेपेला तू मरायचं नाहीस," तेव्हा तासियोला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

"मग शेवटी करू काय मी?"

"बोटीत बस आणि पळ. मॅडमना दुसरा भाग काढायचाय."

मॅडम म्हणजे निर्मात्या. त्यांनी मनावर घेतलं तर माणूस अमर होऊ शकत होता.

सिनेमाचं नाव 'दलदलीची लेकरं'. डॉक्टर इलुस्त्रे हा जनुकशास्त्रज्ञ. कोळीवस्तीतली पोरं तापानं फणफणतात आणि हा मगरीच्या जनुकांपासून औषध तयार करतो. ताप उतरतो, पण पोरांच्या पाठीवर खवले उगवतात. पहिल्याच पोराला टोचल्यावर डॉक्टरला हे कळलेलं असतं. पण प्रयोगशाळेचं छप्पर, सूक्ष्मदर्शक आणि गार हवेचं यंत्र एका चामड्याच्या कारखानदारानं दिलेलं, आणि कारखानदाराला औषधापेक्षा खवल्यांचंच अगत्य. मग डॉक्टर दर वेळी चष्मा काढतो, पुसतो, डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, "मला माफ कर, बाळा," आणि सुई टोचतो.

नाताळात सिनेमा लागला आणि मनिलाच्या बाजारात कोळणींनी तासियोला माशांची डोकी फेकून मारली. खलनायकाला याहून मोठं बक्षीस नसतं. शिवाय डोकी ताजी होती. कोन्चिंगनं चिंच घालून त्यांचं आंबट सार केलं.

अशा सुखाच्या दिवसांत मुलानं, रुएलनं, लग्न ठरवलं. मुलगी लिगाया, सान इसिद्रो गावची. आईबाप लहानपणीच गेलेले, वाढवली ती आजीनं, लोला सेपानं. रीतीप्रमाणे मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जायचं, जिना चढायचा आणि मान खाली घालून मागणी घालायची. तासियोनं अख्खं भाजलेलं डुक्कर घेतलं, कोन्चिंगनं शेवया केल्या आणि मंडळी एका रविवारी दारात उभी राहिली.

घर खांबांवर उंच बांधलेलं. जिन्याच्या टोकाला लोला सेपा बसली होती, तोंडात चिरूट धरून. तिनं आधी डुकराकडे पाहिलं, मग तासियोकडे.

"बाई वर येऊ दे. पोरगा वर येऊ दे. डॉक्टर खाली."

"लोला, ते डॉक्टर नाहीत हो," रुएल म्हणाला, "माझे वडील आहेत."

"नाताळात भाच्याकडे मनिलाला गेले होते मी. सगळं पाहिलंय माझ्या डोळ्यांनी. आणि ते डुक्कर परत न्या. कशात काय मिसळलंय कुणास ठाऊक."

"लोला, अहो तो सिनेमा होता," तासियो हात जोडून म्हणाला. "मी नट आहे. पूर्वी दरोडेखोरही झालो होतो."

"ते मला ठाऊक आहे. मी काय खुळी वाटले तुला? दरोडेखोर होतास तेव्हा आवडला होतास मला. दरोडेखोर दरोडा घालतो, लपवालपवी नाही. पण हा शिकलेला. वाईट आहे हे कळतं, रडू येतं, चष्मा पुसतो, आणि तरीही टोचतो! असं तोंड ज्याला जमतं त्याच्या पोटात ते कुठेतरी असणारच. आणि वर सुटला! बोटीत बसून गेला! त्याला शिक्षा होईपर्यंत माझी नात त्याच्या घरात जायची नाही."

आतून लिगायाच्या हुंदक्याचा आवाज आला. रुएलचा चेहरा पडला. तासियोनं मुलाकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "लोला, तुम्ही पाहिलात तो मनिलाचा शेवट. गावोगाव दाखवतात त्यात डॉक्टर मरतो."

"मरतो?"

"फार हाल होऊन."

लोलानं चिरुटाची राख झाडली. "मेच्या जत्रेत आमच्या थिएटरात लागणार आहे म्हणे. बघू. मेला तर मुलगी दिली."

परतीच्या बसमध्ये डुक्कर मांडीवर घेऊन तिघं बसली.

"तातय, तुम्ही सरळ खोटं बोललात," रुएल बापाला म्हणाला.

"तुझ्यासाठीच बोललो ना?"

"डॉक्टरही पोरांसाठीच करत होता," कोन्चिंग म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

आता डॉक्टरला मारणं आलं. तासियो ओन्यातेकडे गेला. ओन्यातेनं कपाळाला हात लावला.

"मॅडमना कळलं तर तुझ्याबरोबर मलाही मारतील, आणि तेही कॅमेऱ्याशिवाय!"

"एकाच प्रतीला लावायचं, दिरेक. एका गावापुरतं मरतो. बाकी देशात जिवंतच आहे मी."

ओन्याते मनानं चांगला, शिवाय त्याच्याकडे दोन रबरी मगरी पडून होत्या आणि थोडी फिल्म उरली होती. त्याच्या मेहुण्याच्या मत्स्यतळ्यात चित्रण झालं. तासियोनं जन्मभराची विद्या पणाला लावली. खवल्यांची लेकरं (मेहुण्याचीच पोरं, पाठीला केळीची सालं चिकटवलेली) त्याला पाण्यात ओढतात, मगरी येतात, तो एकदा बुडतो, वर येतो, "मला माफ करा!" म्हणतो, पुन्हा बुडतो. शेवटी नुसता चष्मा तरंगतो. चष्मा बुडायला लागला म्हणून त्याला खालून बूच बांधलं होतं. ओन्याते म्हणाला, "तासियो, इतका सुंदर तू कधीच मेला नव्हतास." तासियोला पडसं झालं, ते वेगळं.

जत्रेच्या दिवसांत सान इसिद्रो आणि शेजारचं सांता क्लारा, दोन्ही थिएटरांना मिळून सिनेमाची एकच प्रत यायची. एकीकडे पहिलं रीळ संपलं की मोटारसायकलवाला ते डब्यात घालून दुसरीकडे पळवायचा आणि तिथलं घेऊन यायचा. करवतीसारखी सारखी येजा. हे काम गोयोकडे होतं. तासियोनं आदल्या दिवशी गोयोला गाठलं, नवा डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "हे शेवटचं रीळ. नीट लाव."

गोयोनं मान डोलावली. या धंद्यात त्याचे केस पिकले होते. रीळ कमी पडलं की लोक खुर्च्या मोडतात, पण जास्त झालं म्हणून आजवर कुणी तक्रार केलेली नव्हती. त्याच्याकडे शेवटचं रीळ आधीच एक होतं, आता दोन झाली. जुन्यावर 'समाप्त'ची पाटी होती, म्हणून त्यानं विचार केला की नवं आधी लावावं आणि पाटीचं नंतर. कुणीही जबाबदार माणसानं हेच केलं असतं.

दुपारच्या खेळाला लोला सेपा पहिल्या रांगेत बसली. तिच्या एका बाजूला लिगाया, दुसऱ्या बाजूला तासियो. त्याला तिनं स्वतःच शेजारी बसवलं होतं, पळून जाऊ नये म्हणून. पहिली सुई टोचली गेली तेव्हा मागून त्याच्या डोक्यावर शेंगांची टरफलं पडली. दुसऱ्या सुईला एक चप्पल आली.

आणि मग तळं आलं. पोरांनी डॉक्टरला ओढलं, मगरी धावल्या, थिएटर उभं राहिलं. "बुडव! बुडव त्याला!" चष्मा तरंगला तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी क्रूसाची खूण केली. लोलानं डोळे टिपले.

"चांगला मेलास," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं. जून महिना बरा आहे लग्नाला."

रुएलनं मागून वडिलांचा खांदा दाबला. तासियो सुखानं उठायला लागला, तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला. डॉक्टर साल्वादोर इलुस्त्रे कोरड्या कपड्यांत, भांग पाडून, बोटीत बसला होता. त्यानं औषधाची कुपी खिशात टाकली, किनाऱ्याकडे पाहून चष्मा पुसला आणि निघून गेला. समाप्त.

मग कुणीतरी ओरडलं, "अरे, यानं स्वतःलाच टोचून घेतलंय! मगरीचं रक्त! हा मरतच नाही!" आणि जो काही कल्लोळ झाला तो सांता क्लारापर्यंत ऐकू गेला असावा.

लोला हळूच वळली. "काय रे? मेलास की नाही?"

उत्तर तयार होतं. पब्लिकनंच दिलं होतं. 'टोचून घेतलं' एवढंच म्हणायचं होतं. तासियोनं तोंड उघडलं. मग त्याला लिगाया दिसली. ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती, अगदी सुईची वाट पाहणाऱ्या पोरासारखी.

"नाही मेलो, लोला," तो म्हणाला. "मरणारही नव्हतो. ते तळं तुम्हाला दाखवायला केलं. पहिल्या दिवशी जिन्यापाशी खोटं बोललो, मग ते खरं करायला दोन मगरी लागल्या."

"आणि पाणी?"

"पाणी खरं होतं. पडसं अजून आहे."

लोलानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. रुएल मागं डोळे मिटून बसला होता.

"खोटं बोलल्यावर चष्मा पुसला नाहीस, एवढं एक बरं," ती शेवटी म्हणाली. "पण सिनेमावाल्यांवर माझा भरवसा नाही. शिक्षा मीच देते. पूर्वी मुलगी हवी असेल तर पोरगा सासरी येऊन लाकडं फोडायचा, पाणी भरायचा. हल्लीची पोरं नुसत्या शेवया आणतात. जूनपर्यंत तू ये."

"मी? अहो, नवरा मुलगा रुएल आहे!"

"रुएलनं कुणाला टोचलंय?"

दुसऱ्या दिवसापासून तासियो दिमागिबा लोला सेपाच्या अंगणात लाकडं फोडू लागला. बातमी पसरायला वेळ लागला नाही. आसपासच्या गावांतून लोक डॉक्टर इलुस्त्रेला शिक्षा भोगताना बघायला येऊ लागले. बाया पोरांना कडेवर घेऊन दाखवायच्या, "बघ, तो बघ, आता कसा पाणी भरतोय!" कुणी म्हणायचं, "अजून एक बादली, डॉक्टर!" गावात कधी नव्हे तो सगळ्यांच्या मनाजोगता न्याय झाला. कुंपणाशी एकानं बर्फाच्या गोळ्याची गाडी लावली. तासियोच्या हातांना फोड आले, पण त्याला मनातून कबूल करावं लागलं की इतके प्रेक्षक त्याला मनिलातही मिळाले नव्हते.

मेच्या अखेरीस ओन्याते मोटार घेऊन आला. डॉक्टर मरतच नाही ही आवई मॅडमच्या कानावर गेली होती आणि त्या बेहद्द खूष होत्या. दुसरा भाग लगेच सुरू करायचा होता.

"तारखा लोलाला विचार," तासियो कुऱ्हाड न थांबवता म्हणाला. "मी तिच्याकडे कामाला आहे."

लोला खिडकीत चिरूट ओढत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"लग्न उरकू दे, मग न्या. पण दुसऱ्या भागात त्याला पोरांच्या पाठीवरचे खवले उतरवायला लावा. औषध शोधू दे."

"अहो लोला," ओन्याते अजिजीनं म्हणाला, "औषध शोधलं तर तो चांगला नाही का होणार? मग खलनायक कुठून आणू मी?"

"काळजी करू नकोस, दिरेक," लोला म्हणाली. "औषध शोधेल तो, आणि त्याच कारखानदाराला विकेल. मी ओळखते ना त्याला. डॉक्टर, ते लाकूड ओलं आहे, दुसरं घे."