ताईचं इंजिन

ताईने ती दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार भंगाराच्या भावात घेतली, तेव्हा भावजी पोट धरून हसले. माझी ही मोठी बहीण आठवडाभर लोकांचे दात दुरुस्त करायची आणि सुट्टीला गाडीखाली आडवी पडायची. अख्खं इंजिन तिने उतरवलं, घासूनपुसून पुन्हा जोडलं. आता फक्त ते चालू करून बघायचं राहिलं होतं.

तेवढ्यात आई आजारी पडली आणि ताई माहेरी आली. आई बरी झाल्यावर मी ताईला तिच्या घरी सोडायला गेले, तर दारात तीच गाडी लालभडक रंगात चकाकत उभी.

"कशी वाटली?" भावजी खुशीत म्हणाले. "सगळी गॅरेजवाल्याकडून करून घेतली. इंजिनसुद्धा दुसरं टाकलंय."

ताईने बॉनेट उघडलं. "माझं कुठाय?"

"ते? भंगारात दिलं."

"कुणाला विचारून? ते माझ्या हाताने सुरू करायचं म्हणून तर गाडी घेतली होती मी!"

"अगं, दुसरी एखादी आनंदाने नाचली असती."

"मग त्या दुसरीलाच दे!" तिने किल्ली त्यांच्या अंगावर भिरकावली.

आम्ही दोघी तशाच भंगारवाल्याकडे गेलो. इंजिन फोडून झालं होतं. ताईने एक तुकडा उचलून पुसला आणि परत ठेवला. मग कोपऱ्यातल्या एका गंजक्या, बिनटपाच्या गाडीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "ही विकणार?"

ती गाडी आता ताईच्या दवाखान्यामागच्या शेडमध्ये आहे. भावजींना तिथे पाऊल टाकायला बंदी आहे.